खारीक

काल याच रस्त्यानं गेली होती
नाक वर करून, सगळं सोहार बापाचं असल्यासारखी.
आज पहाटे साडेचारला,
डांबर पायाला सोसतं तेवढ्याच वेळात,
चारही पाय रोवून उभी राहिली.
समोर काही नाही.
म्हणजे मोतालेबची कचऱ्याची गाडी,
निळं पिंप, वर फुगलेली काळी पिशवी.
रोजचीच.
शेपूट पोटाशी, मान पट्ट्यातून निसटायला बघतेय.
अगं, गाडी आहे ती, मी म्हटलं.
कुत्रीला मराठीत समजावणं सोपं असतं,
पटवणं नाही.

मग वाढतच गेलं.
एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी.
गच्चीवर दिशदाशा झटकणारे शेजारी.
आणि खजुराच्या घडांना बांधलेल्या
जाळीच्या पिशव्या, वाऱ्यानं सरसरणाऱ्या.
नाव खारीक, आणि भिते खजुराला!
हसू आलं.
तिचं थरथरणं पट्ट्यातून हाताला लागलं,
मग नाही आलं.

आठव्या महिन्यात येतं असं काहींना,
डॉक्टर घस्सान म्हणाले. जातंही.
ओढू नका.
तिला दिसतंय, पण पळावंसं वाटत नाही,
अशी जागा शोधा. तिथे बसा.
नवऱ्याचा जहाजावरून फोन,
लाडावू नकोस.
एकदाच ने फरफटत गाडीपर्यंत,
कळेल तिला, काही होत नाही.

मी आठ वर्षांची असताना
काकांनी पाठीला डबा बांधून
विहिरीत ढकललं होतं.
आमच्याकडे सगळी पोरं अशीच शिकायची.
मीही शिकले.
चांगलं पोहते मी.
फक्त नऊ वर्षं या समुद्राशेजारी राहून
बाकावर बसते ती पाण्याकडे पाठ करून,
कुणी विचारलंच तर सांगते,
सकाळचं ऊन डोळ्यांत येतं.

गाडीपासून चाळीस पावलांवर
फुटपाथच्या कडेला बसलो दोघी.
खिशात उकडलेली कोंबडी,
ऑफिसात दिवसभर बोटांना तोच वास.
तिसऱ्या दिवशी अडतीस पावलं.
पाचव्या दिवशी कुणाची तरी मोटारसायकल फटफटत गेली,
पुन्हा साठ.

मोतालेब हे सगळं पाहत असणार.
एका पहाटे, काही न विचारता,
त्यानं गाडी भिंतीकडे वळवली,
पिशवीला गाठ मारून तिची फडफड बंद केली,
आणि आमच्याकडे पाठ करून बसला
चहात पाव बुडवत.
हात पुढे केला नाही. यू यू केलं नाही.
नंतर त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला,
गावाला एक वासरू होतं, मॅडम,
पुरानंतर कुणी नुसतं बघितलं तरी कापायचं.
मग आम्ही बघणंच सोडलं.

बावीस.
अठरा.
अठरावर चार दिवस.
काल तिनं मान लांब केली, इतकी लांब
की मागचे पाय पळण्यासाठी मागेच राहिले,
आणि गाडीच्या चाकाचा वास घेतला.
शिंकली.
धावत माझ्याकडे आली,
मीच तिला काही निरोप देऊन धाडलं होतं जणू.
मी बोलले नाही.
मोतालेबनं वळून पाहिलं नाही,
पण पाव त्याच्या हातातच राहिला होता,
भिजलेलं टोक चहात पडलं.

आज लिफ्टमधला आरसा.
परवापर्यंत आतल्या कुत्रीशी मैत्री होती,
आज उंबऱ्याशीच बसली अंग चोरून.
लिफ्टचं दार मिटलं. मिटू दिलं.
पाच मजले, घाम, जिना.
ती पुढे, मी मागे,
आणि प्रत्येक वळणावर थांबून ती बघत होती
मी येतेय ना.